कोकण किनाऱ्यावरचे घर आणि हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात नवे घर बांधणाऱ्यांना, जुने घर दुरुस्त करणाऱ्यांना आणि गावातील शाळा, दवाखाना किंवा सभागृह यांच्या बांधकामात लक्ष घालणाऱ्यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांना धरून आहेत, तरी रायगड आणि पालघरच्या किनाऱ्यावरही त्यांतील बराचसा भाग लागू पडतो.

निसर्गाशी आणि हवामानाशी जोडलेले घर म्हणजे नेमके काय?

ज्या घरात बसल्या जागी वाऱ्याची दिशा, पावसाचा जोर आणि दिवसाचा प्रहर कळतो, आणि तरीही अंथरूण कोरडे राहते, ते घर हवामानाशी जोडलेले आहे असे म्हणता येईल. खिडकीबाहेर दिसणाऱ्या हिरवाईचा माणसावर परिणाम होतो, हे खरेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयातील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून रॉजर उलरिक यांनी १९८४ साली असे दाखवले होते की, ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. परंतु दृश्य हा या नात्याचा एकच पदर आहे. वळचणीवरून पडणाऱ्या पागोळ्यांचा आवाज, पहिल्या सरीनंतर सड्यावरून, म्हणजे गावामागच्या उघड्या कातळाच्या पठारावरून, येणारा वास, दुपारी फिरणारा वारा, पायाखालच्या जमिनीचा गारवा या गोष्टी काचेतून आत येत नाहीत.

जुन्या कोकणी घराने हे नाते टप्प्याटप्प्याने जुळवले होते. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बेड्यातून, म्हणजे फाटकातून, खळ्यात (अंगणात), खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात जाताना प्रत्येक टप्प्यावर ऊन, वारा आणि पाऊस थोडा थोडा कमी होत जातो, आणि कोणत्या दिवशी कोणत्या टप्प्यावर बसायचे हे माणसाने ठरवायचे असते. पुढील बहुतेक उत्तरे याच कल्पनेवर उभी आहेत. आजच्या बांधकामात नेमके हे मधले टप्पे गाळले जातात आणि घर एका दाराने थेट आत किंवा थेट बाहेर असे होऊन बसते.

आराखड्याची सुरुवात कोणत्या ऋतूपासून करावी?

पावसाळ्यापासून. कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला ९० टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. जे घर या चार महिन्यांत नीट चालते, त्याला उरलेल्या आठ महिन्यांसाठी जुळवून घेणे फारसे अवघड जात नाही. उलट मे महिन्यातील उकाडा डोळ्यांसमोर ठेवून सताड उघडे बांधलेले घर जुलैत बहुधा ताडपत्रीने झाकावे लागते.

दुसरी गोष्ट दिशेची. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत पूर्वेकडून मतलई वारे वाहतात. मच्छीमार आपल्या होड्यांचे वेळापत्रक याच वाऱ्यांवर आखत आले आहेत. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा झड घेऊन येतो. म्हणजे हवाहवासा वारा, नकोशी झड, सर्वांत त्रासदायक असे तिरपे ऊन आणि समुद्राचे दृश्य या चारही गोष्टी घराच्या पश्चिम अंगाला एकत्र येतात. कोकणातील घररचनेचा खरा पेच हा आहे, आणि पश्चिमेची बाजू ज्याला सोडवता आली त्याचे घर बहुतांशी सुटले.

समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेची संपूर्ण भिंत काचेची केली तर काय बिघडते?

संध्याकाळी चार वाजता त्या खोलीत बसवत नाही. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे; तेथे हिवाळ्यात भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ५० अंशांपर्यंत उतरतो, तर मेच्या पूर्वार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो माध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच असतो. या उंच सूर्याला छपराची कड सहज अडवते. पश्चिमेच्या उन्हाचे गणित वेगळे आहे. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर येऊन भिंतीच्या थेट समोर असतो, तेव्हा एक मीटर पुढे आलेला छज्जा भिंतीवर जेमतेम ५८ सेंटिमीटर सावली टाकतो, आणि खालची सगळी काच तापत राहते. शिवाय मोठ्या काचेचा बराचसा भाग बंदिस्त असल्याने दृश्य आत येते, पण वारा बाहेरच राहतो, आणि घरमालकाला वातानुकूलन यंत्र बसवावे लागते. समुद्राजवळ राहायला येऊन समुद्राचाच वारा बंद करून घ्यायचा, हा व्यवहार आम्हाला तरी पटत नाही.

यावर उपाय आहेत. पश्चिमेला किमान आठ फूट खोल पडवी द्यावी आणि काचेऐवजी उघडझाप करता येणाऱ्या लाकडी झडपांची दारे लावावीत. झडपांच्या पट्ट्या तिरप्या असल्याने वारा शिरतो, ऊन अडते आणि पावसाचे थेंबही बऱ्याच प्रमाणात बाहेरच गळतात. रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे स्टुडिओ मुंबई या संस्थेने २००७ मध्ये नारळीच्या बागेत बांधलेल्या घराच्या जवळजवळ सर्व बाह्य बाजू ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या आहेत, आणि भिंत व खिडकी यांतला भेदच तेथे उरलेला नाही. त्याची नक्कल करण्याची गरज नाही, परंतु ते तत्त्व साध्या घरालाही परवडते. समुद्र पाहण्यासाठी पडवीत येऊन बसावे. माजघरातून तो चौकटीएवढा दिसला तरी पुरतो. पश्चिमेला थोड्या अंतरावर उंडी, करंज किंवा भेंडीचे झाड असेल, तर खालून समुद्र दिसतो आणि वरून तिरपे ऊन अडते.

छपराचा उतार आणि वळचण किती असावी?

मंगलोरी कौलांसाठी साधारण २५ ते ३० अंशांचा उतार योग्य ठरतो. उतार यापेक्षा बराच कमी केल्यास वाऱ्याने दाबलेले पाणी कौलांच्या सांध्यांतून मागे सरकते आणि माळ्यावर गळते. वळचण दोन ते तीन फूट बाहेर असली, म्हणजे भिंत कोरडी राहते आणि पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात. पागोळ्या पडतात तेथे चिऱ्यांचे (जांभ्याच्या घडीव दगडांचे) तुकडे किंवा खडी टाकून उथळ चर काढावा. नाहीतर लाल चिखलाचे शिंतोडे भिंतीवर दोन फूट उंच चढतात आणि ते डाग पुढे जाता जात नाहीत.

येथे एक विरोध आहे, तो लपवून उपयोग नाही. वळचण जितकी लांब, तितके वादळी वाऱ्याला छप्पर उचलणे सोपे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली तालुक्यांत पत्रे आणि कौले उडवली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले. म्हणून सावलीचा विचार करताना छपराच्या बांधणीचाही विचार करावा लागतो. पडवीचे छप्पर मुख्य छपराचाच पुढे ओढलेला भाग न ठेवता स्वतंत्र आणि थोडे खालच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे ते उडाले तरी घराचे आढे शाबूत राहते. दोन पाख्यांच्या छपरापेक्षा चारही बाजूंना उतरणारे चौपाखी छप्पर वाऱ्याला कमी अडते. वासे भिंतीवर नुसते टेकवू नयेत. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात आधीच बसवलेल्या पट्ट्यांनी ते जखडावेत. कडेच्या आणि आढ्याजवळच्या दोन-तीन ओळींतील कौले तारेने किंवा स्क्रूने बांधावीत, कारण कौले उडू लागतात ती तिथूनच. वाऱ्याच्या भाराचे गणित आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेले आहे, आणि एक मजली घरासाठीही अभियंत्याकडून ते करून घ्यावे.

कौलारू छप्पर चांगले की स्लॅब?

राहण्याच्या सुखाच्या दृष्टीने कौले. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत खाली खोलीत उष्णता सोडत राहतो. वारा पडलेल्या एप्रिल-मेच्या रात्री पंख्याखालीही झोप लागत नाही, त्याचे मुख्य कारण हेच असते. कौले पातळ असतात, लवकर तापतात पण लवकर निवतातही, आणि त्यांच्या फटींतून माळ्यावरची गरम हवा आपोआप निघून जाते.

असे असूनही गावोगावी कौले उतरत आहेत, आणि लोकांना परंपरेची चाड नाही असा त्याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. माकडे आणि वानर छपरावरून उड्या मारतात आणि दर आठवड्याला चार-दोन कौले फोडतात. मेअखेर शाकारणी करणारी, कौले चाळून फुटकी बदलणारी माणसे आता सहज मिळत नाहीत. घरात वयस्कर दोघेच असतील तर शिडीवर चढणार कोण? मंगलोरी कौलेही अनादी काळापासूनची नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली; त्याआधी कोकणात कुंभाराचे नळे आणि गवता-पेंढ्याची शाकारणी होती. छप्पर पूर्वीही बदलले, आताही बदलणार.

मधला मार्ग असा: लोखंडी किंवा लाकडी सांगाड्यावर आधी पातळ फळ्यांचे वा सिमेंट-फायबरच्या पत्र्यांचे अस्तर द्यावे, त्यावर जलरोधक थर आणि उभ्या-आडव्या रिपा, आणि सर्वांत वर कौले. कौल फुटले तरी पाणी अस्तरावरून वळचणीला वाहून जाते, आणि दोन थरांमधली हवा उष्णता अडवते. स्लॅब आधीच ओतलेला असेल, तर आज सर्रास करतात तशी वर पत्र्याची शेड घालणे ही काही वाईट युक्ती नाही. मधून वारा खेळत असेल तर ती स्लॅबला सावली देते आणि पावसाळ्यात कपडे, आमसुले, सुकवण यांना हक्काची जागा मिळते. फक्त तिची बांधणी वादळाचा विचार करून करावी आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची परवानगी आधी घ्यावी.

जांभ्याची भिंत गिलाव्याशिवाय ठेवता येते का?

येते, वळचण पुरेशी असेल तर. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, आणि हवा-उन्हात राहिल्यावर कठीण होत जातो. म्हणून चिरा खाणीतून थेट भिंतीत न लावता काही काळ मोकळ्यावर रचून ठेवण्याची जुनी पद्धत योग्यच होती. विजयदुर्गाच्या तटांकडे पाहिले की निवडलेला जांभा समुद्राच्या तोंडावर किती टिकतो याची खात्री पटते. मात्र सगळ्या खाणींचा चिरा सारखा नसतो. पिवळसर, मातकट, मोठ्या छिद्रांचा चिरा पाणी शोषतो आणि झडीच्या बाजूला दोन पावसाळ्यांत त्याच्यावर शेवाळ धरते.

पश्चिम आणि दक्षिण भिंतींना, जेथे झड थेट लागते, चुन्याचा गिलावा द्यावा किंवा पुढे पडवी घ्यावी. पूर्व आणि उत्तर भिंती उघड्या ठेवता येतात. उघड्या भिंतीवर चकचकीत पारदर्शक रंग मारण्याची टूम सध्या आहे. त्याने आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि काही वर्षांनी दगडाचा पापुद्रा सुटतो, त्यामुळे तो टाळावा. जोत्यासाठी शक्य असेल तेथे काळा दगड वापरावा. कोयनेचा भूकंप १९६७ साली झाला आणि चिपळूण-संगमेश्वरचा पट्टा त्या परिसरापासून फार दूर नाही, हे ध्यानात ठेवून जोत्याच्या, तुळईच्या आणि भिंतीच्या माथ्याच्या पातळीवर सलग काँक्रीट पट्टे घालावेत.

पावसाळ्यात घरात ओल आणि बुरशी येते. जुन्या घरांत ती कमी का असे?

एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे चुलीचा धूर. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात दिवसातून अनेकदा चूल पेटत असे. धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून निघे आणि जाता जाता वासे सुकवून वाळवी व भुंग्यालाही दूर ठेवी. धुराने घरातल्या बायकांच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे जे होत असे ते पाहता चूल गेली हे उत्तमच झाले. पण तिचे कोरडे करण्याचे काम कोणाकडेच सोपवले गेले नाही. दुसरे कारण असे की, पूर्वी भिंतींना चुना किंवा माती होती, जमीन शेणाने सारवलेली होती आणि हे सगळे ओल शोषून पुन्हा सोडत असे. आज गुळगुळीत टाइल्सवर आणि प्लास्टिक रंगावर तीच ओल थेंबाथेंबाने जमते.

उपाय साधे आहेत. प्रत्येक खोलीत भिंतीच्या माथ्याजवळ कायम उघडे राहणारे, वळचणीने झाकलेले झरोके ठेवावेत. आतून चुन्याचा हात द्यावा. कपाटे बाहेरच्या भिंतीला न चिकटवता चार बोटे पुढे ठेवावीत आणि त्यांच्या पाठीला छिद्रे असावीत. कपडे वाळवण्यासाठी छपराखालची, दोन बाजूंनी वारा असलेली जागा आराखड्यातच दाखवावी; ती नसली की ओले कपडे झोपायच्या खोलीत पसरले जातात आणि घरातली निम्मी ओल तिथूनच येते.

घराच्या मधोमध उघडा चौक ठेवावा का?

मोठ्या घरात ठेवावा, लहान घरात नको. एका तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर २० चौरस मीटरच्या चौकात २,००० लिटर पाणी उतरते. शिवाय चारही बाजूंच्या छपरांचे उतार आत घेतले असतील तर ते कितीतरी वाढते. एकच मोरी पानांनी तुंबली की पाणी माजघरात. चौक हवाच असेल तर छपरांचा उतार बाहेर काढावा, दोन स्वतंत्र निचरे द्यावेत आणि चौकाची पातळी घरापेक्षा किमान नऊ इंच खाली ठेवावी. अन्यथा मागील दारी परसवाची पडवी तेच काम अधिक निश्चिंतपणे करते.

खाऱ्या हवेत लोखंड आणि काँक्रीट कसे टिकवावे?

किनाऱ्यावरचे काँक्रीट बाहेरून धडधाकट दिसत असताना आतली सळई गंजून फुगते आणि ढलपे पडू लागतात. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे समुद्रकिनारी वातावरणात उघड्या असलेल्या प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम ३० प्रत (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट अधिक मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन लागते. जेथे समुद्राच्या पाण्याचे तुषार थेट उडतात तेथे एम ३५ आणि ५० मिलिमीटर. प्रत्यक्षात गावातील कामांवर अंदाजाने मिसळलेले काँक्रीट आणि वीस-पंचवीस मिलिमीटरचे आच्छादन दिसते. पुळणीवरची (समुद्रकिनाऱ्यावरची) वाळू कोणत्याही परिस्थितीत वापरू नये आणि मचूळ विहिरीच्या पाण्याने काँक्रीट कालवू नये. बिजागऱ्या व कड्या पितळेच्या किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. महाग असल्या तरी त्या एकदाच घ्याव्या लागतात. खिडकीला बारीक लोखंडी नक्षीपेक्षा लाकडी गज बरे.

लाकूड आणि बांबू कोणता वापरावा?

साग सर्वांना ठाऊक आहे. दारे-खिडक्यांसाठी फणसाचे आणि वाशांसाठी ऐन व किंजळीचे लाकूड कोकणात पूर्वापार वापरात आहे. बाग काढताना किंवा वादळात पडलेला जुना, पक्व माडही खांबांसाठी आणि पट्ट्यांसाठी उत्तम, मात्र त्याचा बाहेरचा कठीण भागच घ्यावा. सिंधुदुर्गात बांधावर होणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असल्याने छपराच्या सांगाड्याला चालतो, आणि कुडाळ येथे कोनबॅक ही बांबू विकास संस्था त्याच्या प्रक्रियेचे व बांधणीचे काम करते. बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करूनच वापरावा. प्रक्रिया न केलेल्या बांबूचे भुंगा वर्षभरात पीठ करतो. बोरॅक्स पाण्यात विरघळते, त्यामुळे पावसात थेट भिजणाऱ्या जागी बांबू लावू नये.

इतका पाऊस पडूनही एप्रिलमध्ये पाणी नसते. घर यात काय करू शकते?

बरेच काही. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी २ लाख ४० हजार लिटर पाणी मिळते. ते सारे साठवणे परवडणार नाही, तशी गरजही नाही. पाच माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी आठ लिटर धरले तर ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांसाठी ९,६०० लिटर लागतात, म्हणजे १०,००० लिटरची एक झाकलेली टाकी पुरते. सुरुवातीच्या दोन-तीन सरींचे पाणी छपराची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते वेगळे सोडावे. उरलेले पाणी पन्हळीतून खळ्याच्या कडेने दिसेल असे वाहू द्यावे आणि विहिरीच्या वरच्या अंगाला चरात जिरवावे. पाणी पाइपांत लपवण्याऐवजी डोळ्यांसमोरून वाहिले की पन्हळ कुठे तुंबली हे लगेच कळते, आणि मुलांनाही खेळ मिळतो.

जागा सपाट करून घेणे सोयीचे नाही का?

सोयीचे आहे, पण पाण्याने आधीच ठरवलेली वाट मोडते. डोंगरउतार उभा कापून सपाटी केली की वरची माती आधाराविना उरते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुराखाली गेले. या दोन्ही घटनांमागे अतिवृष्टी होती, पण उताराला आणि नदीला हात लावण्यापूर्वी विचार करावा एवढे त्या नक्की सांगतात. उतारावर घर दोन-तीन पातळ्यांत, पायऱ्यांनी उतरणारे बांधावे. व्हाळ किंवा पऱ्या (पावसाळी ओहोळ) बुजवू नये. तो उन्हाळ्यात कोरडा असतो म्हणून बिल्डर तो नकाशात दाखवत नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

सड्यावरची जागा असेल तर अधिक सावध राहावे. उघडा कातळ निरुपयोगी वाटतो, परंतु पावसाळ्यात तो फुलांनी भरतो, खालच्या वाडीच्या झऱ्यांना पाणी पुरवतो आणि रत्नागिरी-राजापूरच्या कित्येक सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत, ज्यांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला. जेसीबी लावण्यापूर्वी कातळ झाडून, पाणी मारून पाहावा.

उघड्या घरात डास, साप आणि किडे येणार नाहीत का?

येतील, काही प्रमाणात. जाळी लावल्यास डास थांबतात पण वाराही बराच घटतो, म्हणून जाळीच्या खिडक्या मोठ्या घ्याव्या लागतात. सर्व घराला जाळी मारण्याऐवजी झोपण्याच्या खोल्यांनाच मारावी आणि पडवी मोकळी ठेवावी. जोते दोन ते अडीच फूट उंच ठेवावे, चिऱ्यांच्या भेगा भराव्यात आणि लाकूडफाटा, नारळाची सोडणे व कौलांचे ढीग घराला लागून रचू नयेत. साप त्या ढिगांतल्या उंदरांमागे येतो.

घर वर्षातले दहा महिने बंद असते. गणपती आणि शिमग्यालाच आम्ही येतो. काय करावे?

बंद घर हवामानाशी जोडायचे तर त्याला माणसाशिवाय श्वास घेता आला पाहिजे. जोत्याजवळ आणि माथ्याजवळ जाळी लावलेले झरोके, आतली सर्व दारे उघडी, गाद्या खाटेवर उभ्या, आणि पावसाळ्यात महिन्यातून दोनदा घर उघडून दिवा लावणारे शेजारचे काका किंवा वहिनी, एवढी व्यवस्था असली की घर बरेच तगते. त्या माणसाला योग्य मोबदला द्यावा. चाकरमान्यांची मोठाली घरे पाहून असे सुचवावेसे वाटते की, दोन खोल्या पक्क्या आणि बाकीचे घर पडवी व मांडवाचे ठेवले, तर सणाला चाळीस माणसे सहज मावतात आणि उरलेले वर्षभर सांभाळायला कमी राहते. खळ्यातला झावळ्यांचा मांडव दरवर्षी घालायचा आणि पावसाआधी उतरवायचा असतो; त्याहून हवामानाला धरून असलेली खोली दुसरी नाही.

वातानुकूलन यंत्र लावावे की नाही?

लावावेसे वाटले तर एका खोलीला लावावे, आणि ती खोली बंद करता येईल अशी ठेवावी. बाकी घर वाऱ्यावर सोडावे. दमट हवेत शरीराला तापमानापेक्षा हवेची हालचाल अधिक जाणवते. सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा अंगावर असला की सुमारे तीन अंशांनी गार वाटते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने काढलेल्या इको-निवास संहिता २०१८ मध्ये उष्ण-दमट विभागासाठी उघडता येणाऱ्या दारे-खिडक्यांचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के सांगितले आहे, म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीला दोन चौरस मीटर. येथे सरकत्या खिडक्यांचा घोटाळा होतो: चौकट दोन मीटरची असली तरी उघडते निम्मीच. बाहेर उघडणारी, दोन फळ्यांची खिडकी पूर्ण उघडते. आणि खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत हव्यात, कारण वाऱ्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो आतही येत नाही.

वास्तुशास्त्राशी हे सगळे जुळते का?

काही ठिकाणी जुळते, काही ठिकाणी नाही. जेथे जुळत नाही तेथे आम्ही झडीची दिशा पाहतो.

शाळा, दवाखाने आणि उंच इमारतींना हे लागू होते का?

पडवीचे तत्त्व उंचावरही चालते. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर बांधलेल्या आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा या उत्तुंग इमारतीत घरांचे तोंड समुद्राच्या वाऱ्याकडे म्हणजे पूर्व-पश्चिम ठेवून, कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागगच्च्या दिल्या. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याप्रमाणे त्या ऊन आणि पाऊस स्वतःवर घेतात. रत्नागिरी-चिपळूणला आज उभ्या राहणाऱ्या सदनिकांत मात्र बाल्कनी पहिल्याच वर्षी काचेने बंद होते, कारण ती इतकी उथळ असते की पावसात तिचा उपयोग नसतो. सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी देऊ नये, असे आमचे मत आहे.

शाळेच्या बाबतीत वर्गांची ओळ पूर्व-पश्चिम लांब ठेवावी, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात आणि पश्चिमेचे ऊन फक्त आखूड भिंतीवर पडते. दक्षिणेच्या अंगाला रुंद पडवी द्यावी, जी झडही अडवेल आणि जुलैत मुलांना खेळायलाही मिळेल. दवाखान्यात रुग्ण व त्यांचे नातेवाईक ज्या जागी ताटकळतात ती जागा तरी बंद खोलीत नसावी.

समुद्राजवळ किती अंतरावर बांधता येते?

२०१९ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात उच्चतम भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक असलेल्या भागांत तो ५० मीटर आहे. खाड्यांना वेगळी अंतरे आणि स्थानिक मच्छीमार कुटुंबांच्या घरांना वेगळ्या तरतुदी लागू होतात. सातबारा पाहून हे कळत नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला गट क्रमांक कोठे पडतो ते जिल्हा कार्यालयातून लेखी घ्यावे, आणि जागेचा इसार त्यानंतरच द्यावा.

बांधकाम कधी सुरू करावे?

जागा जुलैत पाहावी, छत्री घेऊन आणि शक्य तर भरतीच्या वेळी. पाणी कोठून येते, कोठे साचते, झड कोणत्या अंगाने लागते आणि शेजाऱ्याच्या कोणत्या भिंतीवर शेवाळ आहे हे तेव्हाच दिसते. दसऱ्याच्या सुमारास पाया घ्यावा, चिरा आधी आणून रचून ठेवावा, आणि मृग निघण्यापूर्वी छप्पर चढेल असा हिशेब मांडावा. एप्रिलमध्ये विहिरीचे पाणी खाली गेल्यावर काँक्रीटला पाणी मारायला टँकर लागतो, म्हणून ओतकाम फेब्रुवारीपर्यंत उरकलेले बरे. छप्पर वेळेत होणार नसेल तर भिंतींचे माथे झापांनी झाकून काम थांबवावे आणि फरशी, रंग, कपाटे यांना पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात लावू नये.